चौघांची जूट आणि नागपूरचा हिशेब

१७८० साली पुण्याचा पेशवे दरबार, म्हैसूरचा हैदर अली, हैदराबादचा निजाम अली आणि नागपूरचा मुधोजी भोसले यांनी इंग्रजांविरुद्ध जूट बांधली. अठराव्या शतकातल्या हिंदुस्थानातली ही सर्वांत मोठी मसलत होती. हैदरने कर्नाटकात उतरून मद्रासला भिडायचे, निजामाने पूर्व किनाऱ्यावरच्या ‘उत्तर सरकार’ या मुलखावर चालून जायचे, भोसल्यांनी ओरिसातून बंगालवर जायचे आणि पेशव्यांच्या फौजांनी शिंदे-होळकरांसह गुजरात व मुंबईकडची आघाडी सांभाळायची, असा बेत होता. इंग्रजांच्या तिन्ही इलाख्यांना एकाच वेळी पेच पडला असता, तर एकाला दुसऱ्याची मदत मिळाली नसती. तो पेच पूर्ण पडला नाही. बंगालची बाजू मोकळी राहिली, आणि त्याच बाजूने मद्रासला कुमक गेली.

हे असे का झाले, याचे एक उत्तर फार प्रचलित आहे. ही जूटच विजोड होती, असे ते सांगते. कालपर्यंत एकमेकांची गावे जाळणारे लोक एका पंगतीला बसले होते. त्यांचा धर्म वेगळा, घराणी वेगळी, हेतू वेगळे. अशी मोट सुटणारच होती. या उत्तरात घटनांचा क्रम बसत नाही. जूट सुटली हे खरे. पण ती कोणत्या बाजूने सुटली, कोणी शेवटपर्यंत धरून ठेवली आणि प्रत्येकाला सोडायला काय पुरले, हे पाहिले की उलटेच चित्र दिसते. सर्वांत परका मानला गेलेला भागीदार सर्वांत जास्त टिकला, आणि सर्वांत जवळचा मानला गेलेला पहिल्यापासून शत्रूशी बोलत होता.

या प्रश्नाचा गोंदिया जिल्ह्याशी थेट संबंध आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या मुलखात होता. मुधोजीच्या बंगालच्या मोहिमेत या भागाशी जोडले गेलेले लोक होते, आणि त्या मोहिमेचा परिणाम येथील शेतीत आणि वस्तीत अजून दिसतो. कलकत्त्यावर जो परिणाम व्हायला हवा होता तो झाला नाही, पण वैनगंगेच्या खोऱ्यावर मात्र झाला.

विजोडपणाचा आक्षेप आधी त्याच्या बलस्थानी तपासला पाहिजे. हैदर आणि पुणे यांच्यातले वैर खोल होते. १७७१च्या मार्चमध्ये त्रिंबकराव पेठे याने मोती तलावाच्या लढाईत हैदरचा दारुण पराभव केला होता. पुढे नारायणराव पेशव्याच्या खुनानंतर पुण्यात जी यादवी माजली तिचा फायदा घेऊन हैदरने कृष्णेपर्यंतचा मुलूख गिळला. १७७७मध्ये त्याच्याशी लढताना कोन्हेरराव पटवर्धन पडला, पांडुरंगराव पटवर्धन पकडला गेला आणि श्रीरंगपट्टणच्या कैदेतच वारला. पटवर्धनांच्या घरात हे दुःख ताजे असताना, तीन वर्षांनी, पुण्याचा कारभारी नाना फडणीस हैदरशी करार करून मोकळा झाला. असा करार करणाऱ्याला काय ऐकून घ्यावे लागले असेल, याची कल्पना करता येते. तरीही १७८१च्या वसंतात बोरघाटातून गॉडर्डच्या इंग्रज फौजेला मागे रेटणाऱ्यांत हरिपंत फडके आणि तुकोजी होळकर यांच्याबरोबर परशुरामभाऊ पटवर्धनही होताच. हैदरशी सलोखा झाल्याने दक्षिणेची बाजू निर्धास्त झाली होती, म्हणूनच तो तिथे येऊ शकला.

पण वैराचाच निकष लावायचा तर नागपूर आणि पुणे यांच्यातले वैर त्याहून कमी नव्हते. १७६३मध्ये निजाम अलीच्या फौजेने पुणे लुटले आणि जाळले, तेव्हा जानोजी भोसला निजामाच्या बाजूला होता. राक्षसभुवनच्या लढाईआधी तो पुन्हा फिरला, हे वेगळे. त्यानंतर माधवराव पेशव्याने भोसल्यांना वठणीवर आणण्यासाठी खुद्द निजामाला बरोबर घेतले. १७६९मध्ये नागपूर लुटले गेले आणि कनकापूरचा तह करून जानोजीला नमावे लागले. जानोजी १७७२मध्ये वारल्यावर साबाजी व मुधोजी या भावांत वारशाचे युद्ध पेटले, आणि १७७५च्या आरंभी पाचगावच्या लढाईत साबाजी मारला गेला. साबाजीच्या मागे पुण्याचे वजन होते. मुधोजीचा ओढा पेशवेपदावर हक्क सांगणाऱ्या राघोबादादाकडे. तेव्हा १७८०च्या जुटीत नागपूरकर आपला म्हणून आला आणि हैदर-निजाम परके म्हणून आले, ही मांडणी मुळातच खोटी आहे. चौघांपैकी कोणत्याही दोघांत रक्त सांडले गेले नव्हते, असे म्हणता येत नाही.

ते एकत्र आले, कारण प्रत्येकाला इंग्रजांनी स्वतंत्रपणे दुखावले होते. सुरतेच्या तहाने मुंबईकर इंग्रजांनी राघोबाला उचलून धरले. पुरंदरचा तह त्यांनीच गुंडाळून ठेवला. वडगावच्या माळावर जानेवारी १७७९मध्ये हार पत्करून केलेला करारही कलकत्त्याने नाकारला. पुण्याला त्यांच्याशी लढण्यावाचून गत्यंतर नव्हते. हैदरची तक्रार वेगळी होती. १७६९च्या मद्रासच्या तहात त्याच्यावर कोणी चालून आले तर मदत करण्याचे इंग्रजांनी कबूल केले होते, आणि मोती तलावच्या वेळी ते जागचे हलले नाहीत. मग १७७९मध्ये त्यांनी त्याच्या संरक्षणाखालचे फ्रेंचांचे माहे बंदर घेतले. हैदरला दारूगोळा आणि हत्यारे त्याच वाटेने मिळत. निजामाचा राग गुंटूरवरून होता: त्याचा भाऊ बसालत जंग याच्याकडून मद्रासकरांनी गुंटूर परस्पर घेतले आणि वर उत्तर सरकारांची पेशकशही बुडवण्याची भाषा सुरू केली. मुधोजीचे गाऱ्हाणे चौथाईचे होते. १७५१मध्ये अलीवर्दीखानाने पहिल्या रघूजीला ओरिसा आणि बंगालच्या चौथाईपोटी वर्षाला १२ लाख रुपये कबूल केले होते. १७६५मध्ये बंगालची दिवाणी इंग्रजांकडे गेली आणि ही रक्कम येईनाशी झाली.

या चार गाऱ्हाण्यांत एक मोठा फरक आहे आणि सगळ्या प्रकरणाची किल्ली त्यातच आहे. गुंटूर परत करता येते. चौथाईच्या नावाने पैसा देता येतो. राघोबाला सोडून देता येते, अर्थात त्यासाठी मुंबईकरांना मानहानी पत्करावी लागते. पण हैदरला इंग्रज काय देणार होते? त्यांचा शब्द त्याने एकदा घेऊन पाहिला होता. ज्याला शत्रूकडून काही मिळण्यासारखे नाही तो भागीदार जुटीत राहतो. ज्याचे मागणे शत्रूच पुरे करू शकतो तो संधी येताच उठतो. कलकत्त्याच्या गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्जने हे चौघांपैकी कोणापेक्षाही आधी ओळखले. पुढच्या दोन वर्षांत त्याने जे केले ते सगळे या ओळखीतून केले.

नागपूरशी त्याचे संधान जुनेच होते. १७७७च्या अखेरीस साताऱ्याचा रामराजा वारल्यावर भोसल्यांनी छत्रपतींच्या गादीवर हक्क सांगावा, इंग्रज पाठीशी राहतील, असे गाजर त्याने दाखवले. त्यासाठी अलेक्झांडर एलियट या आपल्या विश्वासू माणसाला त्याने १७७८मध्ये नागपूरला धाडले. एलियट वाटेतच सारंगगडजवळ तापाने वारला. त्याच सुमारास बंगालहून निघालेली इंग्रज फौज, आधी लेस्लीच्या आणि नंतर गॉडर्डच्या हाताखाली, हिंदुस्थानाच्या मध्यातून सुरतेकडे चालली होती. ती होशंगाबादेजवळ नर्मदा ओलांडून भोसल्यांच्या हद्दीलगत आली, तेव्हा नागपूरने तिला अडवले नाही. मुधोजीचा कारभारी दिवाकरपंत चोरघडे आणि कलकत्त्यातला वकील बेनीराम पंडित यांच्यामार्फत हे सूत चालू होते. बेनीराम हेस्टिंग्जच्या इतका जवळचा झाला की १७८१मध्ये बनारसला राजा चेतसिंगाच्या उठावात हेस्टिंग्ज चुनारला पळाला तेव्हा त्याला एक लाख रुपये उसने देणारा हाच बेनीराम होता.

तरीही मुधोजीला पुणे आणि हैदराबादच्या दडपणाखाली मोहीम काढावी लागली. जुटीची बोलणी चालू असतानाच, १७७९च्या दसऱ्याच्या सुमारास त्याचा मुलगा खंडोजी उर्फ चिमणाजी ३०,००० स्वारांनिशी निघाला. नागपूर ते कटक हे अंतर त्याने सात महिने घेऊन काटले. १७८०च्या मे महिन्यात, म्हणजे पावसाळा तोंडावर आल्यावर, तो कटकला पोचला. मोहिमेचा हंगाम तेव्हा संपलेला असतो. ही दिरंगाई अपघाताची नव्हती. आपण दडपणामुळे निघालो आहोत, फौज सावकाश चालेल, असे नागपूरने हेस्टिंग्जला आधीच कळवून ठेवले होते.

या फौजेत कोण होते याची एक नोंद फार मोलाची आहे. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींच्या ग्रंथात म्हटले आहे, की नगरधनहून आंबागड-चांदपूरकडे सरकलेल्या पोवारांची एक तुकडी चिमणाजी भोसल्याबरोबर कटकच्या मोहिमेवर गेली, आणि त्या चाकरीबद्दल तिला वैनगंगेच्या खोऱ्यातली पडीक आणि जंगलाची जमीन मिळाली. आजच्या तिरोडा, गोरेगाव, आमगाव आणि गोंदिया तालुक्यांत पोवारांची जी दाट वस्ती आहे, तिच्यामागच्या कारणांत हे एक. पोवार त्याआधीही या बाजूला येऊ लागले होते आणि नंतरही येत राहिले. सगळी वस्ती एकट्या मोहिमेने झाली असे कोणी म्हणू नये. पण इंग्रजांशी लढाईच न करता परतलेल्या फौजेला जमिनी मिळाल्या आणि त्या जमिनीवर झाडोरा तोडून धानाच्या बांध्या पडल्या, हे या मोहिमेचे टिकाऊ फळ आहे. धुऱ्यांनी बांधलेले चौकोन, त्यांच्या वरच्या अंगाला पाणी साठवणारी बोडी, जेठ-आषाढात पऱ्हे टाकून मग चिखलात होणारी रोवणी, आणि घरात चालणारी पोवारी बोली: माळव्याशी नाते सांगणारा हा समाज वैनगंगेच्या काठी धानकरी झाला. मुधोजीच्या मोहिमेचे राजकारण फसवे असेल. तिच्या मागे चालत गेलेल्या माणसांचे कष्ट फसवे नव्हते, आणि त्यांना मिळालेली जमीन त्यांनी कसून दाखवली. इतिहास सांगताना या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू नयेत. दरबाराच्या फितुरीचा डाग शिलेदाराच्या बांधावर लावण्याचे कारण नाही.

कटकला पोचलेल्या फौजेचा पगार थकला होता. ओरिसाच्या वसुलात ३०,००० स्वार पोसण्याची ताकद नव्हती. हेस्टिंग्जने प्रथम ३ लाख रुपये गुपचूप पोचते केले. मग ओरिसाचा सुभेदार राजाराम पंडित कलकत्त्याला गेला, बोलणी झाली, आणि १७८१च्या वसंतात सौदा पक्का झाला: १३ लाख रुपये रोख, १० लाखांचे कर्ज, आणि त्याबदल्यात भोसल्यांचे २,००० स्वार इंग्रजांच्या दिमतीला. याच काळात कर्नल पीअर्स बंगालहून मद्रासकडे पायी फौज घेऊन निघाला होता. त्याला ओरिसाची सगळी किनारपट्टी ओलांडायची होती, आणि ती भोसल्यांच्या ताब्यात होती. चिमणाजी त्याच्या वाटेत आला नाही. गंजामजवळ पटकीच्या साथीने पीअर्सचे शेकडो शिपाई मेले. भोसल्यांच्या तलवारीने एकही मेला नाही. चिमणाजीची फौज ढेंकनाळच्या राजाच्या किल्ल्याकडे वळली. पीअर्स ऑगस्ट १७८१मध्ये मद्रासकडच्या इंग्रज सेनापती आयर कूटला जाऊन मिळाला.

ही कुमक किती मोलाची होती हे कळायला मद्रासची अवस्था पाहावी लागते. हैदर जुलै १७८०मध्ये घाट उतरून कर्नाटकात आला होता. १० सप्टेंबर १७८०ला पोलिलूरला त्याने आणि टिपूने इंग्रज अधिकारी बेलीची तुकडी साफ बुडवली; बक्सारचा विजेता हेक्टर मन्रो जवळच असून मदतीला पोचू शकला नाही आणि तोफा तलावात ढकलून मद्रासकडे हटला. थोड्याच दिवसांत अर्काट पडले. त्या हिवाळ्यात चिमणाजी कटकहून मिदनापूरवर गेला असता, तर हेस्टिंग्जला बंगाल सोडून एकही पलटण दक्षिणेला पाठवता आली नसती. जुटीचा बेत कागदावर चांगला आणि मैदानात अशक्य होता, असे म्हणणाऱ्यांनी या एका हिवाळ्याकडे पाहावे. बेत शक्य कोटीतला होता. त्याचा एक खांब पैसे घेऊन बाजूला झाला.

निजामाचे प्रकरण थोडक्यात आटोपते. हेस्टिंग्जने मद्रासकरांना बाजूला सारून गुंटूर परत करवले, पेशकशीचा वादही मिटवला. निजाम अली, ज्याच्याकडे या जुटीच्या कल्पनेचे श्रेय बरेच लोक देतात, तो घरी बसला. त्याने तलवार उपसलीच नाही.

उरले पुणे आणि हैदर. हैदरला १७८१च्या जुलैत पोर्टो नोव्होला कूटकडून हार खावी लागली, तरी तो मैदान सोडून गेला नाही. ७ डिसेंबर १७८२ला छावणीतच वारला. पुणे मात्र आधी उठले. पुण्यातर्फे महादजी शिंदे आणि इंग्रजांतर्फे डेव्हिड अँडरसन यांनी १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह केला. साष्टी इंग्रजांकडे राहिली, वसई पेशव्यांना परत मिळाली, राघोबाचा प्रश्न निकालात निघाला. आणि त्याच तहात हैदरने इंग्रजांचा व अर्काटच्या नवाबाचा जिंकलेला मुलूख सहा महिन्यांत परत करावा, असे कलम घातले गेले. हैदरला न विचारता, त्याच्या वतीने, त्याने जिंकलेली भूमी देण्याचे पुण्याने मान्य केले. नाना फडणिसाने मंजुरीची मोहोर लगेच उठवली नाही. हैदर जिवंत असेतोवर त्याने तह लांबवला आणि फेब्रुवारी १७८३मध्येच तो पुरा झाला. नानाचा हा विलंब त्याच्या बाजूने जमेस धरला पाहिजे. तरी कलम कलमच राहते.

म्हणून मुधोजी एकटा फितूर आणि बाकीचे निष्ठावान, हे कथन टिकत नाही. मुधोजीने मोहिमेच्या आरंभी जे केले ते पुण्याने मोहिमेच्या शेवटी केले. फरक वेळेचा आहे, आणि तो फरक खरोखर मोठा आहे, कारण आरंभी सोडलेल्या हाताने लढाई बुडते, शेवटी सोडलेल्या हाताने फक्त मित्र बुडतो. पण नीतीच्या तराजूत टाकायचे तर दोघांनाही टाकावे लागेल.

धर्माचा मुद्दाही येथेच संपतो. चौघांत दोघे मुसलमान आणि दोघे मराठे होते. धर्माने जूट फोडली असती तर फट त्या रेषेवर पडली असती. ती पडली निजाम आणि हैदर या दोन मुसलमानांच्या मधून, आणि मुधोजी व नाना या दोन मराठ्यांच्या मधून. जगभरात अशी उदाहरणे विपुल आहेत. १५३६च्या सुमारास फ्रान्सचा कॅथलिक राजा पहिला फ्रान्सिस आणि उस्मानी सुलतान सुलेमान यांचा मेळ बसला. युरोपात त्याची निर्भर्त्सना झाली, पण हॅब्सबर्ग सत्ता दोघांच्याही छातीवर बसलेली होती आणि ती त्यांपैकी एकालाच काही देऊन फोडू शकत नव्हती, म्हणून तो मेळ पिढ्यान्पिढ्या चालला. १९४१मध्ये जर्मनीने रशियावर हल्ला केल्याबरोबर आयुष्यभर साम्यवादाचा द्वेष केलेल्या चर्चिलने स्टालिनला मदत जाहीर केली. हिटलर असेपर्यंत ती दोस्ती टिकली. जर्मनीच्या त्या हल्ल्याच्या दोन वर्षे आधी स्टालिनने हिटलरशीच करार केला होता. तो मात्र हिटलरला पूर्वेकडे काय हवे होते याचा हिशेब न करता केलेला होता, आणि तो तुटला.

गोंदियातही विजोड युतीचा आक्षेप नवा नाही. २०१५मध्ये ५३ जागांच्या गोंदिया जिल्हा परिषदेत राष्ट्रवादीला २०, भाजपला १७ आणि काँग्रेसला १६ जागा मिळाल्या. राज्यात आणि केंद्रात एकमेकांसमोर उभ्या असलेल्या काँग्रेस आणि भाजपने मिळून सत्ता घेतली. २०२२मध्ये त्याच जिल्हा परिषदेत भाजपने राष्ट्रवादीला बरोबर घेतले, तेव्हा मुंबईत राष्ट्रवादी आणि काँग्रेस एकाच सरकारात होते. दोन्ही वेळा टीका झाली ती कोण कोणाबरोबर बसले यावर. त्या बैठकीतून जिल्ह्याला काय मिळाले, सिंचनाची कोणती कामे पुरी झाली, शाळांचे काय झाले, हे प्रश्न मागे पडले. भागीदार कोण, एवढ्यावरच निवाडा करण्याची सवय अशी घातक आहे: ती भागीदारांना हिशेब देण्यातून सोडवते.

आता मुधोजीचे समर्थन करणाऱ्यांकडे वळले पाहिजे, कारण त्यांचे म्हणणे वरवर पाहता याच विचाराशी जुळणारे वाटते. ते म्हणतात: जूट जर हिशेबावरच उभी असते, तर मुधोजीने हिशेबच केला. त्याने पुण्याच्या भांडणात नागपूरचे रक्त सांडू दिले नाही, उलट पैसे मिळवले. हा युक्तिवाद हिशेबाच्या नावाखाली हिशेबच टाळतो. वर्षाला १२ लाख या दराने १७६५पासूनच्या पंधरा वर्षांची चौथाई १ कोटी ८० लाख होते. मुधोजीच्या हातात १६ लाख रोख पडले, म्हणजे दीड वर्षाच्याही चौथाईएवढे नाही. वरचे १० लाख तर कर्ज होते. पुढच्या वर्षांच्या चौथाईचा हक्क इंग्रजांनी मान्य केला नाही. ज्या क्षणी इंग्रजांना नागपूरची गरज सर्वांत जास्त होती, त्या क्षणी नागपूरने आपला सर्वांत मोठा हुकूम सर्वांत कमी भावात दिला. मद्रास वाचल्यावर तो हुकूम कोणी विकत घेणार नव्हते. परक्याशी हातमिळवणी केली, हा मुधोजीवरचा खरा ठपका नव्हे. परक्याच्या गरजेची किंमत त्याला कळली नाही, हा आहे. दिवाकरपंतासारखा मुरलेला कारभारी हाताशी असताना हे व्हावे, ही खेदाची गोष्ट आहे.

आणि पुण्याचा दोषही येथेच दिसतो. बंगालची आघाडी सर्वांत दूरची, सर्वांत खर्चाची. तिचा भार भोसल्यांवरच सोडला गेला. ज्या फायद्यासाठी भोसल्यांनी जायचे तो फायदा, म्हणजे चौथाई, पुणे देऊ शकत नव्हते. इंग्रज देऊ शकत होते. हैदरशी करार करताना नानाने नीट देवाणघेवाण ठरवली: जिंकलेला मुलूख त्याच्याकडे राहावा, त्याने ठरावीक खंडणी द्यावी, आणि दोघांनी मिळून इंग्रजांशी लढावे. वैर जेवढे जुने तेवढा करार काटेकोर झाला. नागपूरशी मात्र, घरचाच म्हणून, दडपण पुरेल असे मानले गेले. पहिल्या रघूजीने छत्रपतींच्या सनदेने मिळवलेला बंगालचा हक्क त्याच्या मुलाने आपोआप लढून राखावा, अशी ती अपेक्षा होती. कटकच्या छावणीत पगारासाठी धरणे धरलेल्या स्वारांना सनद दाखवून भागत नव्हते.

पुढच्या पंधरा वर्षांत हेच चौघे वेगवेगळ्या जोड्यांनी पुन्हा भेटले. १७८६-८७मध्ये पुणे आणि निजाम टिपूविरुद्ध लढले आणि गजेंद्रगडला तह केला. १७९०मध्ये तेच दोघे इंग्रजांबरोबर टिपूवर गेले आणि १७९२मध्ये श्रीरंगपट्टणच्या तहात मुलूख वाटून घेतला. १७९५मध्ये खर्ड्याला पुण्याने, दुसऱ्या रघूजी भोसल्याला बरोबर घेऊन, निजामाला नमवले. या प्रत्येक वेळी काही तरी मिळाले, पण १७८०चा तो एक हिवाळा, ज्यात इंग्रजांचे तिन्ही इलाखे एकाच वेळी अडचणीत होते, तो परत आला नाही.

१७९८मध्ये निजामाने तैनाती फौज घेतली. १७९९मध्ये श्रीरंगपट्टण पडले. १८०२च्या अखेरच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला. १८०३मध्ये दुसरा रघूजी शिंद्यांबरोबर असईला आणि मग आडगावला हरला, गाविलगड गेला, आणि १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने कटक इंग्रजांना द्यावे लागले: चिमणाजी ज्या कटकमध्ये पैसे घेऊन थांबला होता तोच प्रांत, तेवीस वर्षांनी, बिनमोबदला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाडही गेला. १८१६मध्ये नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्याने तैनाती फौजेचा तह केला, नोव्हेंबर १८१७मध्ये सीताबर्डीची लढाई झाली, आणि पुढच्या वर्षी आप्पासाहेब इंग्रजांच्या कैदेतून निसटला तेव्हा त्याच्या बाजूने उठणाऱ्यांत आजच्या गोंदिया तालुक्यातल्या कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल होता. तोवर पुण्याची गादी गेली होती, म्हैसूर इंग्रजांच्या मुठीत होते, निजाम त्यांचा मांडलिक होता. चिमणा पटेलाला हात देणारा दरबार कोणताही उरला नव्हता. सप्टेंबर १८१८मध्ये कॅप्टन गॉर्डनच्या फौजेने कामठ्याची गढी सर केली, आणि जमीनदारी त्या घराण्याकडून काढून एका लोधी घराण्याला देण्यात आली.